गाडी मिळाली, ड्रायव्हरचा पगार कोण देणार?

पतसंस्थेतून निवृत्त झाल्यापासून मी गोव्यात फोंड्यातल्या आणि आसपासच्या काही लहान संस्थांचे हिशेब लिहिते. विशेष मुलांचं एक दिवसभराचं केंद्र आहे, सत्तरी तालुक्यात झऱ्यांवर काम करणारा तरुणांचा गट आहे आणि एक जुनं मराठी वाचनालय आहे. कुणी थोडंफार मानधन देतं, कुणी चवथीला (गणेश चतुर्थीला) मिठाईचा पुडा. तक्रार नाही. पण ‘तुमच्या संस्थांना काय, बाहेरून ढीगभर फंड येत असतील’ असं कुणी म्हणालं की त्याला माझ्यासमोर टॅली, म्हणजे संगणकावरचे हिशेब, उघडून बसवावंसं वाटतं.

पैसा येतो, हे खरं. तो कशासाठी येतो, ते बघायला हवं. केंद्राला एका कंपनीने गाडी दिली. सुंदर पांढरी गाडी, मागचा दरवाजा उघडला की व्हीलचेअर चढवायचा उतार. कंपनीचं बोधचिन्ह केंद्राच्या नावापेक्षा मोठं, पण ते असू दे. फोटो निघाले, नारळ फुटला, पैसे ठरल्या कामी लागले असं लिहून देणारं युटिलायझेशन सर्टिफिकेट मीच टाइप केलं. पुढच्या महिन्यात ड्रायव्हरचा पगार, डिझेल आणि विमा आला. प्रपोजलमध्ये आम्ही तिन्ही लिहिले होते. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा ‘कॅपिटल’ हेड, म्हणजे एकदाच घ्यायच्या वस्तूचा खर्च, तेवढा शिल्लक होता, दर महिन्याचा ‘रिकरिंग’ अख्खा उडवलेला. एका हेडमधले पैसे दुसऱ्यात वळवता येत नाहीत. त्या दिवसांत एका मुलाची आई रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, “ताई, फाल्यां गाडी येतली?” (उद्या गाडी येईल का?) तिला कॅपिटल आणि रिकरिंगमधला फरक काय सांगणार?

यात कंपनीला फार दोषही देता येत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून हे सुरू झालं. हा खर्च वर्षाचा वर्षाला दाखवायचा. रीतसर जाहीर केलेला लांब पल्ल्याचा प्रकल्प नसेल, तर उरलेली रक्कम सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावी लागते. म्हणून फेब्रुवारी उजाडला की आमचे फोन वाजायला लागतात. “मार्चअखेरपर्यंत एवढी रक्कम खर्च करू शकाल का?” सत्तरीच्या गटाला एकदा असंच वृक्षारोपणासाठी विचारलं होतं. मार्चमध्ये! गोव्यात पाऊस जूनमध्ये येतो, मार्चमध्ये वाळपईच्या पुढे आंघोळीच्या पाण्याची मारामार असते. पोरांनी नाही म्हटलं, आणि मला त्यांचा अभिमान वाटला. रोपं मिळाली असती, फोटो मिळाले असते, आणि मे महिन्यात काड्या.

दान देणाऱ्याला दिसणारी वस्तू हवी असते, हे काही आजचं नाही. अमेरिकेतला अँड्र्यू कार्नेगी घ्या. १८८३ ते १९२९ या काळात त्याच्या पैशातून जगभर २,५०९ वाचनालयं उभी राहिली. माणूस काही संत नव्हे. १८९२ साली होमस्टेडच्या त्याच्या पोलाद कारखान्यातला संप कसा मोडला गेला ते वाचलं, की त्या देखण्या इमारतींच्या पायऱ्यांवर जरा थबकायला होतं. पण हिशेबनीस म्हणून त्याची एक अट मला फार आवडते. इमारतीचे पैसे मी देतो. जागा गावाने द्यायची, आणि इमारतीला लागलेल्या रकमेच्या दहा टक्के एवढी रक्कम गावाने दर वर्षी ग्रंथपाल, पुस्तकं आणि देखभालीवर खर्च करायची. म्हणजे मागं उरणाऱ्या खर्चाचा विचार आधी. देखभालीचे पैसे त्याने स्वतः दिले नाहीत, पण प्रश्न तरी विचारला. आमच्या गाडीच्या वेळी तोही कुणी विचारला नाही.

खरं तर हे शिकायला अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्या गोव्यातल्या गांवकऱ्या, म्हणजे गावाची जमीन सामायिक राखणाऱ्या जुन्या ग्रामसंस्था, काय करत होत्या? गावाची सामायिक शेतं पावणीला (लिलावाला) घालायची, आलेल्या पैशातून आधी गावाचे खर्च भागवायचे. त्यात खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध आणि पाणी अडवायच्या-सोडायच्या मानशी आल्या, देवळाचा खर्च आला. मग उरलं तर गांवकारांना जोण, म्हणजे त्यांचा वाटा. १५२६ साली अफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने या रीतीभाती लिहून काढल्या तेव्हाही त्या जुन्याच होत्या. मानशीचं लाकूड कुजलं की खारं पाणी शेतात शिरतं, मग वाटायला काही उरतच नाही, हे त्या लोकांना पाठ होतं. गांवकऱ्यांत कुणाला हक्क होता आणि कुणाला नव्हता, यावर मी वेगळं लिहीन. तो हिशेब इतका गोड नाही. पण देखभाल आधी आणि वाटप नंतर हा क्रम मात्र बरोबर होता.

जगात जी मोठी अनुदानं टिकून राहिली, त्यात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. त्यांनी माणसांचे पगार दिले. फोर्ड आणि रॉकफेलर फाउंडेशनने मिळून १९६० मध्ये फिलिपिन्समध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था काढली. सहा वर्षांनी तिथून आयआर-८ हे बुटकं, भरघोस पिकणारं वाण आलं. त्याच सुमारास हैदराबादला अखिल भारतीय भात सुधार प्रकल्प सुरू झाला होता, त्यालाही रॉकफेलर फाउंडेशनची मदत होती. त्यातून १९६८ मध्ये आलं ‘जया’. गोव्यात शेती करणाऱ्याला जया म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या घरी अजून कुणी ‘हायब्रीड’ म्हणत नाक मुरडतं, पण पेजेला तोच तांदूळ असतो. त्याच्या पायी खाजनातलं कोरगूट हे जुनं भाताचं वाण मागे पडलं, हेही तितकंच खरं. तरी वर्षानुवर्षं कुणीतरी शास्त्रज्ञांचे, मजुरांचे, कारकुनांचे पगार भरले, म्हणून एक वाण शेतापर्यंत पोहोचलं.

आणि आपल्याच साखवाळचे धर्मानंद कोसंबी. पाली शिकायला हा माणूस श्रीलंका, ब्रह्मदेश फिरून आला, कलकत्त्यात शिकवायला लागला. पण त्यांना ही विद्या महाराष्ट्रात आणायची होती. बडोद्याच्या सयाजीरावांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रात कुठेही राहा आणि बडोद्यासाठी वर्षाला एक पुस्तक लिहा. कलकत्त्यात याहून कितीतरी जास्त पगार मिळत असता. कोसंबींनी ५० रुपये घेतले. मी या व्यवहाराकडे नेहमी हेव्याने बघते. तिमाही प्रगती अहवाल नाही, ‘लाभार्थी संख्या’ नाही, बोधचिन्ह कुठल्या कोपऱ्यात छापायचं याचा नियम नाही. माणूस ओळखला, त्याचा महिना भागवला, वर्षाला एक पुस्तक मागितलं. मराठीला बौद्ध विद्येचं दार उघडून मिळालं.

आता परदेशी पैशाबद्दल, कारण गोव्यात हा विषय निघाला की सगळ्यांचे कान टवकारतात. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी हवी. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीने आणखी आवळलं. परदेशी पैसा आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. आणि एका संस्थेने दुसरीला तो पैसा पुढे द्यायला पूर्ण बंदी. हे शेवटचं आमच्यासारख्यांना सगळ्यात लागलं. सत्तरीतल्या पोरांच्या गटाला परदेशातलं फाउंडेशन थेट कशाला विचारील? पूर्वी मुंबई-बंगळूरची एखादी मोठी संस्था मोठं अनुदान घ्यायची आणि त्यातला वाटा खाली झिरपू द्यायची. ती वाट बुजली.

गोव्यात याला आणखी एक गाठ आहे. माझ्या नात्यातला एक मुलगा पोर्तुगीज पासपोर्ट करून, म्हणजे भारतीय नागरिकत्व सोडून, इंग्लंडला गेला. चांगलं चाललं आहे. वाचनालयाच्या छपरासाठी पैसे पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, नको बाबा. त्याच शहरात, त्याच गोदामात काम करणाऱ्या त्याच्या मित्राकडे भारतीय पासपोर्ट आहे. त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर ती परदेशी देणगी होत नाही. याने पाठवले तर मात्र होते, जरी हा त्या वाचनालयात बालवाङ्मय वाचून मोठा झाला असला तरी. इथे येऊन रोख रुपये हातात ठेवले तरी तोच कायदा. तो चिडला. “म्हणजे मी आता परकी?” कायद्याला तसंच म्हणायचं आहे, मी तरी काय बोलणार! शेवटी सुट्टीत आला तेव्हा छपरावर चढून कौलं परतायला लागला. अंगमेहनतीला अजून एफसीआरए लागत नाही.

देणाऱ्यांच्या अविश्वासाला कारण नसतं असंही नाही. मी आयुष्यभर व्हाउचर तपासले आहेत. एकाच हस्ताक्षरातली दहा दुकानांची बिलं मी पाहिली आहेत, न झालेल्या शिबिरांचे चहापाणी पाहिले आहे. म्हणून मॅकेन्झी स्कॉट या अमेरिकेतल्या अतिश्रीमंत बाईबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सरळ म्हटलं, ही बाई फसणार. २०१९ पासून तिने देणग्या द्यायला सुरुवात केली आणि २०२३ च्या अखेरीपर्यंत साडेसोळा अब्ज डॉलर देऊन टाकले. बहुतेक सगळे बिनशर्त. तुमचं काम तुम्हाला कळतं, हवे तिथे वापरा. २०२१ च्या यादीत आपल्याकडच्या गूंज आणि गिव्हइंडिया या संस्थाही होत्या. पण नंतर लक्षात आलं की तिची माणसं तपासणी आधी करतात, पैसे दिल्यानंतर मानेवर बसत नाहीत. आमच्याकडे उलट. आधी ओळखीवर मंजुरी, मग वर्षभर पेट्रोलच्या प्रत्येक पावतीची झेरॉक्स.

तिच्यासारखं कुणी फोंड्याला येणार नाही हे उघड आहे. आणि एकाच मोठ्या हातावर विसंबण्याचं काय होतं, ते आम्ही २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये पाहिलं. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या आणि वाचनालयाच्या देणगीदारांच्या यादीतली खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांची, बार्जवाल्यांची नावं एका वर्षात गेली. वाईट माणसं नव्हती ती. त्यांच्याच घरी हप्ते थकले होते.

म्हणून केंद्राच्या समितीकडून मी यंदा वेगळं पावती पुस्तक छापून घेतलं. ‘देणगी’ एवढंच न लिहिता खाली चौकोन दिले आहेत: डिझेल, ड्रायव्हरचा पगार, वीज आणि पाणी, आयाबाईचं मानधन, ऑडिट फी. देणाऱ्याने हवी तिथे खूण करायची. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) सगळ्या चौकोनांना सारखीच. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर सवलत नाही, हेही ठळक छापलं आहे, कारण जत्रेच्या सवयीने लोक नोटाच काढतात. समितीतले एक सर म्हणाले होते, डिझेलवर कोण नाव घालणार, लोकांना पंखा द्यायचा असतो, पात्यावर आजोबांचं नाव असतं. पण तिस्कावरच्या एका दुकानदाराने पहिल्याच दिवशी डिझेलवर खूण केली, आणि ज्या आईचे फोन यायचे तिने पगारावर. बाजारातल्या भाजीवाल्या बायकांनी मिळून विजेचं बिल उचललं. ऑडिट फीच्या चौकोनात मात्र अजून कुणीच खूण केलेली नाही.