आईंचा बाक

मे महिन्यातली पणजीची दुपार फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला वेगळी सांगायला नको. पारा फार चढत नाही, पण हवेत इतका दमटपणा की नुसतं बसल्या जागी पाठीला कपडा चिकटतो. पंख्याखाली बसलं तर पंखा गरम हवाच अंगावर टाकतो. यंदा याच दिवसांत माझ्या सासूबाई, आमच्या आई, सावईवेरे या त्यांच्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या. गुडघ्यांचं औषधपाणी इथे सोयीचं पडेल म्हणून आम्हीच हट्ट धरला होता.

आईंचं सगळं आयुष्य कुळागरात गेलेलं. ज्यांनी कुळागर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: वर माड, त्याखाली पोफळी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, आणखी खाली केळी, अननस, आणि या सगळ्यातून पाटानं फिरवलेलं झरीचं पाणी. भर दुपारी आत पाऊल टाकलं की घाम जागच्या जागी जिरतो. अशा जागेतून आलेली बाई चार दिवस गप्प राहिली. पाचव्या दिवशी बाल्कनीत उभी राहून मला म्हणाली, "गो, तुमच्या या गावात सावली कुठे मिळते?"

मला उत्तर सुचेना. दहा वर्षं मी या शहरात मुलांना बागेत नेते आहे, पण बाग बघताना मी घसरगुंडी बघितली, झोपाळा बघितला, गेट बंद होण्याची वेळ बघितली. सावली कधी बघितली नव्हती.

त्या संध्याकाळी घराजवळच्या बागेत गेलो. नुकतीच नवी केलेली. रंगीत फरशी, कडेनं शोभेचे बुटके पाम, लोखंडी घसरगुंडी. साडेचार वाजले होते. धाकटा वरून घसरत खाली आला तो रडतच, मांडी चांगली लाल झाली होती. आईंनी बाटलीतलं पाणी रुमालावर ओतून त्याच्या मांडीवर धरलं आणि चहूकडे नजर फिरवली. म्हणाल्या, "इथे झाड कुठे आहे?" खरंच नव्हतं. बाग करायला एवढा खर्च होतो आणि त्यात एक आंबा, एक फणस, एक वड लावायचं कुणाच्या मनात येत नाही, याचं मला तेव्हापासून फार वाईट वाटतं. झाड वाढायला वीस वर्षं लागतात हे मान्य. पण वीस वर्षांपूर्वी कुणी लावलं असतं तर?

दुसऱ्या दिवशी आम्ही चर्चजवळच्या जुन्या बागेत गेलो. आम्ही सगळे तिला मुनिसिपल गार्डन म्हणतो. तिचं खरं नाव गार्सिया द ऑर्ता. 1855 साली ही बाग आखली गेली आणि एका पोर्तुगीज वैद्याचं नाव तिला मिळालं. हा वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला, इथलाच होऊन राहिला, आणि 1563 साली त्यानं इथल्या औषधी वनस्पतींवर आणि फळांवर लिहिलेलं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. सगळं पुस्तक म्हणजे दोन माणसांच्या गप्पा: एक विचारतो, दुसरा सांगतो. आंब्यावरसुद्धा त्यात गप्पा आहेत. हे मी थोरलीला सांगत होते, तर आई मध्येच म्हणाल्या, "मग मानकुरादबद्दल काय लिहिलंय?" थोरली तेव्हापासून माझ्यामागे लागली आहे की शोधून दे.

या बागेत जुनी झाडं आहेत. फाटकातून आत आलं की अठरा जून रस्त्यावरचा गोंगाट तसाच ऐकू येतो, पण हवा बदलते. आईंनी दोन-तीन बाक बसून पाहिले. एकावर संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, एकाला पाठ नाही. शेवटी बँडस्टँडकडे तोंड असलेला एक पक्का केला. त्या बँडस्टँडवर मुलांचं रोज नाटक असतं. पायऱ्या चढून वर जायचं, काहीतरी जाहीर करायचं, उतरायचं. धाकटा एकदा वर जाऊन फक्त "मी आलो!" असं ओरडून खाली आला, आणि आईंनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याच बाकावर दिवाडी बेटावरच्या एक बाई येऊन बसल्या. फुलाफुलांचा झगा, केसांचा अंबाडा, वय आईंएवढंच. त्याही लेकीकडे फ्लॅटमध्ये अडकलेल्या. आई मराठी-कोकणी मिसळून बोलतात, त्या दिवाडीची कोकणी बोलतात, अडत काहीच नाही. बोलणं सगळं झाडांचं. फणसाला यंदा किती लागले, बिमलांचं लोणचं किती दिवस टिकतं, कोकमाची सोलां वाळवताना पाऊस आला तर काय करायचं. मी शेजारी बसून कोकम सरबताचे पेले भरत राहते. गार्सियाच्या बागेत बसून दोन बायका एकमेकींना झाडपाला विचारतात आणि सांगतात, हे मला इतकं आवडतं की एकदा आईंचा हात धरून तसं बोलूनही दाखवलं.

दिवेलागणीला चर्चची घंटा होते. फार जड, घुमणारा आवाज. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाच्या मनोऱ्यातली ती घंटा. 1871 पासून इथे आहे. घंटा झाली की दिवाडीच्या बाई बोलता बोलता थांबतात, कपाळाला, छातीला हात लावतात, डोळे मिटतात. आई त्या वेळी हात जोडून "शुभं करोति" पुटपुटतात. मुलांना मी एरवी दहा वेळा गप्प बसा म्हणते, त्या मिनिटाला सांगावं लागत नाही.

रविवारी आम्ही कांपालला जातो, कारण तिथे मांडवी नदीवरचा वारा असतो आणि मुलांना पळायला जागा. तिथल्या रस्त्यावरची जुनी पर्जन्यवृक्षांची रांग आईंनी पहिल्यांदाच नीट पाहिली. मे महिन्यात त्यांना गुलाबी, पिसांसारखी फुलं येतात. उजेड कमी झाला की त्यांची पानं मिटतात. थोरलीनं एका खालच्या फांदीकडे बघत अर्धा तास काढला. साडेसहाला पानं उघडी होती, सातनंतर लाजाळूसारखी जोडलेली. ती पळत येऊन आजीला सांगते, "झाड निजलं!" आजी म्हणाल्या, "मग तू पण हळू बोल." खरंच, घरी जाईपर्यंत ती कुजबुजत बोलत होती.

एकदा बोंडल्याच्या अभयारण्यातही जाऊन आलो. तिस्क-उसगाववरून वळलं की जंगल लागतं. गुरुवारी बंद असतं एवढं लक्षात ठेवावं. मुलांनी गवा पाहिला. आईंना चढ झेपला नाही, पण त्या खाली झाडाखाली बसून म्हणाल्या की आज श्वास पुरा घेतला.

बाकी रोजचं ठरलेलं आहे. साडेपाचला निघायचं, सूर्य इमारतींमागे गेला की. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, मीठ-तिखट लावलेल्या कैरीच्या फोडी, धाकट्याचा एक सुका शर्ट. बाकावर आधीच कुणी बसलं असेल तर आई उभ्या राहत नाहीत, सरळ विचारतात, "थोडी जागा मिळेल?" आणि मिळते.

काल दिवाडीच्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या घराशेजारचं घोटांचं, म्हणजे छोट्या रानआंब्यांचं, झाड या आठवड्यात भरलंय. पाऊस पडायच्या आत उतरवायला हवं. उद्या त्या पिशवीभर घोटां आणणार आहेत. आईंनी आज सकाळीच मला नारळ आणि काळा गूळ आणायला लावला. सासवासाठी, म्हणजे घोटांच्या मोहरी-नारळ घातलेल्या कालवणासाठी, मोहरी निवडून वाटीत ठेवली आहे.