न दुखणारा पाय

दुखणाऱ्या पायाची मला फारशी काळजी वाटत नाही. सकाळी पलंगावरून उतरल्यावर टाच टेकवत नाही, पहिली चार पावलं जीव काढतात, असं सांगत माणूस आपण होऊन येतो. पोटरीचे व्यायाम, मऊ तळव्याची चप्पल आणि थोडा धीर, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. भीती वाटते ती न दुखणाऱ्या पायाची.

माझी नोकरी नाशिकमध्ये ड्रेसिंगच्या खोलीत गेली. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की दिंडोरी, निफाडकडचे बागायतदार यायचे. त्यातले एक दादा म्हणाले, ‘‘सिस्टर, मोज्याला डाग लागतोय. बाकी त्रास काही नाही.’’ मोजा तळव्याला चिकटून वाळला होता. सलाईननं भिजवून हळूहळू सोडवला, तर अंगठ्याच्या मुळाशी द्राक्षाच्या काडीचं तिरपं छाटलेलं टोक आत रुतलेलं. भोवतीची कातडी पांढरी, फुगलेली, आणि वास. चिमट्यानं काडी ओढली तेव्हा दादा खिडकीबाहेर बघत पावसाचं काय होणार ते सांगत होते. बारा वर्षांपासून शुगर होती त्यांना. पुढे एक बोट गेलं, पाय वाचला.

शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा निकामी होत जातात, आणि सगळ्यात लांबच्या नसा आधी, म्हणून सुरुवात बोटांपासून. मुंग्या येतात, तळव्यांची आग होते आणि मग एक दिवस काहीच होत नाही. लोकांना वाटतं, बरं वाटायला लागलं! त्यात रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर साधा फोडही भरत नाही. पावलात २६ हाडं असतात, आणि कातडीपासून ती फार खोल नसतात. जखम तिथवर पोचली की बोट काढायची वेळ येते.

आपल्याकडे अनवाणी चालण्याला मान आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी असो, नाहीतर चैत्रात खान्देशातून सप्तशृंगगडाला पायी येणारे भाविक. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते तेव्हा वारकऱ्यांचे पाय मी चेपलेत, फोड बांधलेत, आणि ती सेवा मला फार प्रिय आहे. तरीही सांगते, शुगर असलेल्यानं चैत्राच्या उन्हात डांबरावर अनवाणी चालू नये. आई रागावणार नाही. तळवा भाजलेला कित्येकांना रात्री घरच्यांनी दाखवल्यावर कळतो. काळारामाच्या दर्शनालासुद्धा सकाळीच जावं, दुपारी दगडी फरशी तापते.

रोज रात्री पाय उजेडात बघा. वाकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, नाहीतर नातवाला हाक मारा. बोटांच्या बेचक्या विसरू नका. पावसाळ्यात चिखल्या तिथेच होतात आणि जंतूंना वाट मिळते, म्हणून तो भाग पुसून कोरडा ठेवायचा, तिथे क्रीम नको. टाचेच्या भेगांना मात्र रोज लावा, कोकमाचं तेल म्हणा, व्हॅसलीन म्हणा. कढत पाण्यात पाय बुडवून शेकू नका, बधिर पायाला चटका कळत नाही. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवा. आणि कुरूप घरी ब्लेडनं कापणं, हे तर हात जोडून सांगते, करू नका. अशा कापलेल्या कुरपाच्या जखमा मी महिनोन्‌महिने बांधल्या आहेत.

डॉक्टरांकडे मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा जाडसर धागा असतो. तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला की १० ग्रॅमचा दाब पडतो, आणि डोळे मिटलेले असतानाही तो कळायला हवा. दोन-चार मिनिटांची तपासणी आहे. मधुमेह असलेल्या प्रत्येकाची ती वर्षातून एकदा तरी व्हायला हवी, पण ओपीडीच्या गर्दीत राहून जाते. तेव्हा शुगरचा रिपोर्ट दाखवायला जाल, तर मोजे काढूनच टेबलावर बसा.