ढगाची पहिली एंट्री

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी कार्यक्रम आहे आणि तुमची मुलगी ढग झाली आहे, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मनात आलं, ढगाला काम ते काय असणार! पण काम होतं. तीन मिनिटांच्या गाण्यात ढगांनी डावीकडून यायचं, दोन गिरक्या घ्यायच्या, वर केलेले हात बोटं हलवत खाली आणून पाऊस पाडायचा आणि खाली बसायचं. ढग बसले की बेडूक उड्या मारत येणार. ‘आम्ही बसल्याशिवाय त्यांनी यायचंच नाही,’ हे लेकीनं मला फार गंभीरपणे बजावलं. वय वर्षं साडेचार.

मग मी उत्साहानं घरी नाच घेऊ लागले. तिच्या समोर उभी राहून उजवा हात वर केला की ती डावा करायची. मी तिला दुरुस्त करत राहिले. आठवड्यानं बाईंचा निरोप आला की बाकीचे ढग एकीकडे फिरतात, तुमची दुसरीकडे. भेटले तेव्हा उलगडा झाला. समोर उभ्या राहिलेल्या माणसाची नक्कल मुलं आरशासारखी करतात, म्हणून बाई मुद्दाम उलट्या हातानं शिकवत होत्या, आणि मी घरी त्यावर पाणी ओतत होते. ‘नाच आमच्यावर सोडा, घरी फक्त गाणं कानावर पडू दे,’ असं त्या हसत म्हणाल्या. हसत म्हणाल्या, तरी लागायचं ते लागलंच.

कपड्यांची कथा वेगळी. पांढऱ्या टी-शर्टवर गोंदानं कापूस चिकटवला, तर वाळून कडक झाला आणि मानेला टोचायला लागला. दुसऱ्या टी-शर्टवर कापसाचे पुंजके दोऱ्यानं टाचले, ते टिकले. टोपीचं इलॅस्टिक ती सतत तोंडात घ्यायची, ते काढून टाकलं. एक गोष्ट मात्र आधीच सुचली आणि त्याबद्दल मी अजून स्वतःची पाठ थोपटते: वरचा भाग आणि पायजमा वेगळे ठेवले. मैत्रिणीच्या मुलाचा ससा अखंड होता, मागे चेन लावलेला. ऐन वेळी सू लागली तेव्हा तो ससा सोलायला दोन माणसं लागली.

रंगीत तालीम उत्तम झाली. जमिनीवर प्रत्येक ढगासाठी चिकटपट्टीची फुली होती आणि आपली फुली कुठली, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तालमीला सभागृह रिकामं होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

कार्यक्रम साडेपाचचा, मुलांना चारला बोलावलेलं, आणि आमचा नाच नववा. चार ही तिची झोपेची वेळ. मी सेफ्टी पिना लावायच्या मदतीला मागे होते, त्यामुळे त्या दोन तासांत काय चालतं ते पाहिलं. एकजण रडला की शेजारचे सहाजण रडतात. रंगवलेले गाल तासाभरात बाहीला लागतात. दर पाच मिनिटांनी ‘ढग कधी?’ आम्ही तीन मिनिटांच्या नाचाची तयारी महिनाभर केली होती, दोन तास थांबण्याची एक दिवसही नाही. पुन्हा वेळ आली तर पिशवीत चित्रांचं पुस्तक टाकीन आणि दुपारी जबरदस्तीनं झोपवीन.

आठवा नाच सुरू झाला तशी मी बाहेर येऊन नवऱ्याशेजारी बसले. तिसऱ्या रांगेत. तिला सांगून ठेवलं होतं की आम्ही हात हलवू, तू बघ. पडदा उघडला, ढग धावत आपापल्या फुलीवर आले, आणि इवलीशी पोरं बघून सगळ्या सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला.

तिनं दोन्ही हात कानांवर घट्ट ठेवले.

गाणं सुरू झालं. बाकीचे फिरले, पाऊस पाडला. ही फुलीवर उभी, कान झाकून, अंधारात आम्हाला शोधत. डोळ्यांवर एवढा प्रकाश असताना समोरचा माणूस दिसत नाही, हे मला कळायला हवं होतं. मी वेड्यासारखी हात हलवत होते, ते फक्त मागच्या रांगेला दिसलं. रंगमंचाखाली उकिडव्या बसलेल्या बाई खुणा करत होत्या. सगळे ढग बसले. आमचा उभाच.

आणि बेडूक येईनात. पहिला बेडूक विंगेतून डोकावून तिच्याकडे बघत राहिला. ढग बसल्याशिवाय यायचं नाही, हे त्यालाही पाठ होतं. गाणं पुढे निघून गेलं. शेवटी तो चालतच आला, तिच्या कानावरचा हात बाजूला करून काहीतरी बोलला, आणि ती पटकन बसली. हशा, पुन्हा टाळ्या, पुन्हा हात कानांवर.

घरी येताना विचारलं, बेडूक काय म्हणाला गं?

‘म्हणाला, बस ना, माझी उडी राहिलीये.’

कसं झालं, हे आम्ही विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही. रात्री कपडे बदलल्यावर तिनं पलंगावर उभी राहून स्वतःच गाणं म्हणायला सुरुवात केली. दोन गिरक्या, पाऊस, सगळं बिनचूक. टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे आधीच सांगितलं होतं. मग ती बसली आणि आमच्याकडे बघत राहिली.

आम्हीही बघत राहिलो. तिनं बोट दाखवलं तेव्हा कुठे नवरा उठला आणि दारापासून उड्या मारत आला.