चोर्ल्याच्या घाटात गाडी लागत असेल तर

बेळगावहून गोव्याला निघालं की जांबोटीपर्यंत बहुतेकांचं बरं असतं. कणकुंबी मागे पडते, चोर्ल्याची वळणं सुरू होतात आणि मळमळून तोंडाला पाणी सुटतं. अशा मळमळीसाठी चिनी वैद्यकात मनगटाजवळचा ‘नेइगुआन’ बिंदू सांगितला आहे. सुई टोचणं हे शिकलेल्या माणसाचं काम. घरच्या घरी तो अंगठ्यानं दाबला तरी पुरतं. फक्त जागा बरोबर हवी, आणि बहुतेकांचं तिथंच चुकतं.

तळहात वर करा. मनगटाच्या घडीला लागून कोपराच्या बाजूला तीन बोटं आडवी ठेवा: तर्जनी, मधलं आणि अनामिका. तिसरं बोट संपतं त्या रेषेवर, हाताच्या मधोमध बिंदू आहे. मूठ आवळून मनगट किंचित आत वाकवलं की दोरीसारख्या दोन कंडरा वर येतात. त्यांच्या मधल्या खोबणीत दाबायचं. काही जणांना एकच कंडरा दिसते, कारण दुसरी जन्मतःच नसते. त्यात काळजीचं काही नाही. अंगठ्याकडच्या कंडरेला लागून, करंगळीच्या बाजूला दाबावं.

बोटं मात्र ज्याला मळमळतंय त्याचीच घ्यायची. हे मोजमाप ‘त्सुन’चं, म्हणजे ज्याच्या त्याच्या अंगठ्याच्या रुंदीचं, बिंदू घडीपासून २ त्सुनांवर. आईनं लेकराच्या हातावर स्वतःची बोटं मांडली, तर जागा कोपराकडे सरकते आणि दाबून फायदा होत नाही.

नख लावू नका, अंगठ्याचं पेर टेकवा. बोथट ठणका जाणवेल इतकाच जोर. बोटांना मुंग्या आल्या तर हात सैल सोडा. खालून मीडियन नर्व्ह जाते. एका हाताला २-३ मिनिटं, मग दुसऱ्या. सुरुवात जांबोटीलाच करा. ओकारी घशाशी आल्यावर दाबून फारसा उपयोग होत नाही. गुंडीचा पट्टा (आतल्या गुंडीनं हाच बिंदू दाबून धरणारा मनगटी पट्टा) वापरत असाल तर तो बांगड्यांच्या आणि घड्याळाच्या वर, कोपराकडे बसवा, नाहीतर हिसक्यांनी सरकतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर हा बिंदू उपयोगी पडतो, असं २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) दिसलं. प्रवासातल्या मळमळीवरच्या चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. म्हणून बाकीचं सोडू नका: पुढची जागा, दूर रस्त्यावर नजर, मोबाईल पिशवीत.

जोडीला आलं. चिनी वैद्यकात ओलं आलं आणि सुंठ ही दोन वेगळी औषधं मानतात, आणि ओकारीसाठी मुख्यतः ओलं आलं देतात. दोन पातळ चकत्या चघळाव्यात, तेही अगदी रिकाम्या पोटी नको, जळजळ होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्वयंपाकात पडतं त्याहून जास्त आलं डॉक्टरांना विचारूनच घ्या. ओकारीबरोबर छातीत दुखत असेल किंवा डोक्याला मार लागून ती सुरू झाली असेल, तर मनगट दाबत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.