मामांनी अंगठा काढायला लावला

आज मामांच्या जुन्या जीपची बॅटरी उतरली होती, म्हणून त्यांनी इंजिन हाताने फिरवून सुरू करायचं हँडल सीटखालून काढलं. मी मूठ घट्ट आवळली तर मामा ओरडलेच, "अंगठा काढ! बोटांच्याच बाजूला ठेव. उलटा झटका बसला तर हात मोडेल." तिसऱ्या हिसक्याला जीप सुरू झाली, पण माझा हात बराच वेळ थरथरत होता.

सुरुवातीच्या मोटारींत ही भीती रोजचीच. ठिणगी थोडी उशिरा पाडणारी दांडी ओढायची राहिली, की पिस्टन वर पोचायच्या आतच पेट्रोल पेटायचं आणि हँडल उलटं फिरायचं. किती जणांची मनगटं गेली असतील!

यावर तोड काढली अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने. दुकानातलं कॅश रजिस्टर त्याने आधी विजेवर चालवून दाखवलं होतं. तिथलाच विचार इथे लावला: इंजिन फिरवायला विजेच्या मोटरला जोर फक्त काही सेकंद लावायचाय, मग ती छोटी असली तरी चालेल. किती साधं, आणि किती मोठं! १९१२च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा सेल्फ स्टार्टर आला.

संध्याकाळी परत निघताना माझ्या गाडीची किल्ली फिरवली आणि ती 'खर्र' आज पहिल्यांदा नीट ऐकली.