थवा मोडून मासे न विकणारं दुकान

रत्नागिरीत झाडगावचं मत्स्यालय बघून आलेली मुलं आईबाबांना ओढत आमच्या दुकानात आणतात. मागणी बहुधा तीच: "दोन निऑन द्या." निऑन, एम्बर टेट्रा, हार्लेक्विन रासबोरा हे मासे आम्ही पहिल्यापासून आठ-दहाच्या खाली देत नाही. थव्यातच त्यांना सुरक्षित वाटतं. दोनच ठेवले की पानांमागे दडून बसतात, खाणं टाकतात, रंग उतरतो. या नियमापायी सुरुवातीला बरीच गिऱ्हाइकं परत गेली, पण तो आम्ही सैल केला नाही.

बाउल आणि गोल्डफिशवरही धंदा चालला असता. आम्हाला पाणवनस्पतींच्या टाक्या लावायच्या होत्या आणि त्यासाठी कोकणासारखी जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, कमी क्षारांचं, किंचित आम्लधर्मी. ॲमेझॉन खोऱ्यातल्या टेट्रांना असंच पाणी मानवतं. घाटावर बोअरच्या जड पाण्याशी झगडणारे शौकीन आमच्या विहिरींचा हेवा करतात. शिवाय जांभ्यात लोह भरपूर. परदेशात पाणवनस्पतींच्या मुळांशी घालायला लॅटेराइट, म्हणजे हाच जांभा, पाकिटातून विकत घेतात. आम्ही जांभा फोडून, धुऊन वाळूखाली पातळ थर देतो. खाडीकाठच्या मचूळ विहिरींचं पाणी मात्र चालत नाही.

मासे कोलकाता, चेन्नईहून येतात. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्ल राहतं, म्हणून तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो म्हणजे पाण्याची आम्लता उतरते आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून तापमान जुळवायला पिशवी बंदच तरंगत ठेवतो आणि उघडल्यावर रेंगाळत नाही. मासे जाळीने टाकीत, पिशवीतलं पाणी बाहेर. मग तीन आठवडे वेगळ्या टाकीत. तोवर विक्री नाही, कितीही घाई असली तरी.

खरी घाई गणपतीत असते. चाकरमानी यायच्या आत टाकी सजलेली हवी असते. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा टाकी आषाढातच लावा, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. पावसात वीज जाते, म्हणून बॅटरीवरचा एअर पंपही सोबत घ्यायला लावतो. अंधारात वनस्पतीसुद्धा प्राणवायू घेतात.

निऑनला 22 ते 26 अंश बरे. मे महिन्यात इथे टाकीतलं पाणी 30 च्या वर जातं आणि दमट हवेत पंख्यानेही फारसं उतरत नाही. म्हणून आम्ही बहुतेक घरांना एम्बर किंवा हार्लेक्विन सुचवतो. एम्बरची पिल्लं आता मागच्या पडवीत आम्हीच वाढवतो. जावा मॉस या शेवाळासारख्या पाणवनस्पतीच्या गुंत्यात अंडी, मग सूक्ष्मजीवांचं खाद्य, मग आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे इवले जीव. याच पाण्यात जन्मलेल्या या माशांसाठी लोक आधी नाव नोंदवून जातात.