बीभत्स कशाला म्हणावं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी मराठी शिकवते, आणि साहित्यातले नऊ रस शिकवून झाले की हा प्रश्न येतोच: भयानक आणि बीभत्स यांत फरक काय? दोन्हीकडे अंगावर काटाच येतो ना?

काटा भयानकात येतो. तिथे आपण जीव वाचवायला बघतो. बीभत्सात शिसारी येते, पोटात ढवळतं, मान आपोआप फिरते. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी या रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, जुगुप्सा (किळस) सांगितला, रंग निळा, देवता महाकाल. रक्तामांसामुळे होतो तो क्षोभज, विष्ठा आणि किडे पाहून होतो तो उद्वेगी. भयानकाचा उगमही त्यांनी बीभत्सातच दाखवला आहे, त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो यात नवल नाही.

परीक्षेपुरतं एवढं पुरे. मला काळजी आहे ती रोजच्या लिहिण्याबोलण्याची. अपघातानंतर 'बीभत्स मृतदेह' असं कुणी लिहिलं की फार लागतं. त्या माणसाच्या घरचेही ते वाचणार असतात. देहाला छिन्नविच्छिन्न म्हणा, ओळखू न येणारा म्हणा. बीभत्स हा शब्द कृत्यासाठी राखून ठेवा: जमावाने एकाला ठेचून मारणं बीभत्स, त्याचं चित्रीकरण करत उभं राहणं त्याहून बीभत्स.

हे माझ्या मनचं नाही. अर्जुनाचं एक नाव बीभत्सु. महाभारताच्या विराटपर्वात तो राजपुत्र उत्तराला आपल्या दहा नावांचे अर्थ सांगतो, तेव्हा म्हणतो की युद्ध करताना मी कधीही बीभत्स कर्म करत नाही, म्हणून हे नाव. रणांगणावर रक्तमांसाचा चिखल असणारच, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी त्याने हा शब्द लावला तो माणसाच्या वागण्याला.

उदाहरण मागितलंत तर मी स्मशानातल्या भुताखेतांच्या ठरलेल्या ओळी देत नाही. नामदेव ढसाळांचा 1972 सालचा, मुंबईतल्या वेश्यावस्तीवरचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह वाचायला सांगते. किळस तिथे पानोपानी आहे. पण वाचता वाचता ती तिथल्या बाईची वाटेनाशी होते आणि तिला तिथे आणून बसवणाऱ्यांची वाटू लागते. बीभत्स रसाचं याहून मोठं काम मराठीत मला तरी माहीत नाही.

आणि हो, लिहिताना 'बी' दीर्घ. 'बिभत्स' सर्रास छापलेलं दिसतं, ते चूक आहे.